भुऱ्याच्या गळ्यातली दोरी

मी दोरी बोलतेय. शेळीच्या केसांची, काळी, जराशी टोचणारी. दुकानात टांगलेल्या रंगीत पट्ट्यांशी माझं काही नातं नाही. मला वळलं सांगोल्याकडच्या सिद्धाप्पांनी, मेंढरं चरत असताना, उभ्याउभ्या सूत कातायच्या चातीला गिरक्या देत. करडं बांधायची, एवढ्यासाठीच माझा जन्म होता.

पण सिद्धाप्पांची लेक प्रियदर्शनी सोलापुरात दिलेली. तिचा नवरा बिरुदेव चिंचोळीच्या कारखान्यात पाळीवर जातो. त्यांना मुलगी झाली. बारशाला कुणी वाळे आणले, कुणी झबली. सिद्धाप्पा एसटीनं आले ते घोंगड्यात कुत्र्याचं पिल्लू घेऊन. पिल्लाचं नाव भुऱ्या, त्याच्या गळ्यात मी.

प्रियदर्शनीचा चेहरा पडला. ती शिकलेली. तान्हं मूल आणि कुत्रं एका घरात म्हटल्यावर कोणकोणते रोग होतात, ते तिनं मोबाईलवर आधीच वाचून ठेवलेलं. आजवर न झालेलेही.

"आपल्यात पोर झालं की दारात कुत्रं लागतंय," सिद्धाप्पा म्हणाले. "पर बांधून घालू नगं. रोज हिंडव. हिंडलं न्हाय तर ते खुळं हुतंय, आन् तू बी."

म्हणून आम्ही हिंडू लागलो. एका टोकाला भुऱ्या, दुसऱ्या टोकाला प्रियदर्शनी, तिच्या कडेवर ऋतुजा. घर पूर्व भागातल्या एका गल्लीत. सकाळी बाहेर पडलं की यंत्रमागांचा खटखटाट सुरू झालेला असतो आणि कुठल्या तरी दारात सडा अजून ओला असतो.

माणसांची एक सवय मी तेव्हा पाहिली. समोरच्या बाईशी बोलायला त्यांना संकोच वाटतो, तिच्या कुत्र्याशी बोलायला वाटत नाही. प्रियदर्शनी लग्न होऊन आल्यापासून त्या गल्लीत राहत होती, पण तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. भुऱ्या फिरू लागला आणि गल्लीनं तिला भुऱ्याची आई करून टाकलं. पोटची मुलगी कडेवर असताना.

पहिलं दार ईरम्मांचं. त्या कडक भाकरी करून विकतात. भुऱ्या दिसला की कन्नडमध्ये विचारायच्या, "ऊटा आयता?" कोपऱ्यावर हाजराबी शिलाई मारत बसलेल्या. त्या मान वर न करता म्हणायच्या, "खाया क्या रे?" शेवटचं दार नरसम्माचं. ती पायरीवर विड्या वळत असायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं. तिचा सवाल तेलुगूत, "तिन्नावा?" तिन्ही दारांत अर्थ एकच, जेवलास का. भुऱ्या तिन्ही दारांत शेपूट हलवून नाही म्हणायचा आणि काहीतरी मिळवायचा.

तोच प्रश्न मग प्रियदर्शनीलाही यायचा. ती "हो, हो" म्हणायची आणि पुढे निघायची. मला ती मुठीत गुंडाळून आखूड धरायची. वाटेत कुणी थांबवलं तर घरचं काहीतरी उतू जाईल, असं तिला कायम वाटे. गॅस बंद असला तरी.

ऋतुजा चालू लागली. मला मध्येच धरून चालायची. पण बोलेना. तिच्या बरोबरीची मुलं गाणी म्हणायची, ही नुसतं बोट दाखवून "हूं" करायची. घरी प्रियदर्शनी चित्रांचे पत्ते मांडून बसे. हे काय? हत्ती. म्हण, हत्ती. अंघोळीत तेच, घास भरवताना तेच. मी खुंटीवरून बघायची. मुलगी आईकडे मोठ्या धीरानं बघे, जणू आईलाच तो शब्द अजून नीट आलेला नाही.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ऐकू छान येतंय, तिच्याशी बोलत राहा, काही महिन्यांनी पुन्हा दाखवा. एवढ्यानं प्रियदर्शनीचं समाधान होईना. आपण बाळंतपणात नको तितका मोबाईल पाहिला म्हणून असेल का? की लाडूच कमी खाल्ले? त्यात पुण्याहून नणंदेचा फोन. म्हणाली, तुमच्या गल्लीत त्या छप्पन्न भाषा, पोर गोंधळणार नाही तर काय होईल?

दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनी मला धरून दारोदार गेली. तीन दारी तिनं एकच विनंती केली, की हिच्यासमोर फक्त मराठीत बोलाल का, हिला अजून बोलता येत नाही. इतक्या अजिजीनं म्हणाली, की कुणाला रागावताही आलं नाही.

ईरम्मांनी तेवढं विचारून घेतलं. "कुत्र्याशी बी?"

"हो मावशी. कुत्र्याशीपण."

सगळ्यांनी ऐकलं, हेच वाईट झालं. ईरम्मा दोन दिवस म्हणाल्या, "भुऱ्या, तू जेवण केलास काय," शाळेत धडा वाचावा तशा. मग त्यांनी ते सोडून दिलं. हाजराबी शिलाई यंत्रावर जरा जास्तच वाकू लागल्या. नरसम्माचं मराठी बाजारापुरतं, भाव करण्यापुरतं. त्यात कुत्र्याशी काय बोलणार? आम्ही दिसलो की ती खाली मान घालून विड्या वळायची. भुऱ्या तिच्या दारात बसून हाकेची वाट पाही. प्रियदर्शनी ओढी, मी ताणली जाई. ऋतुजा एकदा नरसम्माकडे, एकदा आईकडे बघे. आता ती "हूं"सुद्धा करेनाशी झाली.

प्रियदर्शनीला ते दिसत नव्हतं असं नाही. आपण गल्लीचा नळ बंद केला, असं ती बिरुदेवला म्हणाली. पण केलेली विनंती मागे घ्यायची, तर नणंद खरी निघाली तेव्हा काय? दोन्हीकडून चूक आपलीच होणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

असेच दिवस गेले. मग एका सकाळी भुऱ्या नरसम्माच्या दारात बसला. नरसम्माची मान खालीच. ऋतुजानं मला सोडलं. पायरीपाशी गेली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि स्वच्छ विचारलं,

"तिन्नावा?"

नरसम्माचा हात पानावरच थांबला. तिनं आधी प्रियदर्शनीकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं.

"ही इचारती," ती म्हणाली. "मी कुटल्या भाषेत सांगू?"

प्रियदर्शनीनं माझ्यावरची मूठ सैल केली. "तुमच्याच," ती म्हणाली.

"तिन्नानम्मा," नरसम्मानं मुलीला सांगितलं. जेवले गं बाई.

ऋतुजानं मान हलवली. घरातल्या थोरल्या बाईनं चौकशी करावी आणि समाधान पावावं, तशी. घरी तिच्याकडे उत्तरंच मागितली जात होती. प्रश्न कसा विचारतात ते तिनं इथं ऐकून ठेवलं होतं.

"नुव्वु?" नरसम्मानं मग प्रियदर्शनीकडे बोट केलं. आणि तू?

प्रियदर्शनीच्या तोंडाशी सवयीचं "हो, हो" आलं होतं. ते तिनं गिळलं. "नाही," ती म्हणाली. "सकाळपासून चहासुद्धा नाही."

आणि ती पायरीवर बसली. मी तिच्या हातातून सुटून जमिनीवर पडले. भुऱ्याला पळता आलं असतं. तो माझ्यावरच हनुवटी टेकून पडून राहिला. नरसम्मा चहा ठेवायला आत गेली.

परतताना प्रियदर्शनीनं बाकीच्या दोन्ही दारी आपली विनंती मागे घेतली. हाजराबी हसल्या. ईरम्मा हसल्या नाहीत.

"मग आता कुत्र्याला कन्नड चालतंय की?" त्या म्हणाल्या आणि शिळी भाकरी मोडायला आत वळल्या.

आता माझा पीळ सुटत चाललाय, नेमका मध्ये, जिथं ऋतुजा धरते तिथं. बिरुदेव नायलॉनचा पट्टा आणणार आहे. माझी काही तक्रार नाही; दोरी म्हणजे झिजणारच. ऋतुजाचे शब्द अजून थोडेच आहेत आणि प्रियदर्शनी रोज नव्या काळज्या शोधून काढते, हे मी लपवत नाही.

फक्त पट्टा नवा असो की जुना, तो हातात धरणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. कुत्रं एखाद्या दारात बसलं, तर त्याला लगेच ओढू नका. आत कुणीतरी हातातलं काम बाजूला ठेवून तुमची चौकशी करायला उठत असेल.