दोघांसाठी बांधलेली खोपी

मी गिरडच्या टेकडीमागच्या उतारावरची एक जुनी खोपी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव चिडका आहे. जुन्या वस्तू आपलं आयुष्य सांगताना म्हणे डोळे पुसतात. मला मात्र अजून रागच येतो. माझ्या भिंती बांबूच्या तट्ट्याच्या, त्यांवर शेणमाती, डोक्यावर कवेलू, म्हणजे कौलं, आणि आत एकच खोली. वीज नाही, रस्ता नाही. पाणी हवं तर खालच्या झऱ्यावर कळशी घेऊन जायचं. आजूबाजूला सगळी सीताफळाची झाडं. दोन माणसांनी माझ्यात एखादा दिवस निवांत राहावं, एवढ्यासाठीच मला बांधलं होतं. आणि तेवढं सोडून बाकी सगळं माझ्यात झालं!

मला बांधलं १९७५ साली, दिवाळीच्या जरा आधी. बांधून घेणारा चंद्रभान समुद्रपूरचा, एसटीत कंडक्टर होता. ही बरड जमीन त्याच्या वडिलांची, म्हणजे बापूजींची. सीताफळाच्या राखणीला खोपी लागते, असं त्यानं घरी सांगितलं होतं. ते साफ खोटं होतं. खरं काय ते त्यानं फक्त पुनाजीला सांगितलं. पुनाजी टेकडीखालच्या गोंड वस्तीत राहायचा आणि बांबूच्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

तट्टा विणता विणता पुनाजीनं विचारलं, "राखनीच्या खोपीले एवढी मजबुती काऊन पायजे, भाऊ?"

चंद्रभाननं हातातला बांबू खाली ठेवला. मग म्हणाला, "पुनाजी, माही पोरगी गेली मागच्या साली. चार महिन्याची होती. घरी आमी चौदा जनं. तिची माय माह्यापाशी अजून एक शब्द बोलली नाई, अन् मी तिच्यापाशी नाई. बोलाव कुठं? ती बायाईत, मी मानसाईत."

तुम्हाला नवल वाटेल, मित्रांनो. पण त्या घरात वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायको एकमेकांशी बोलत नसत. बाप भावाचं लेकरू घेई, बहिणीचं घेई, पण आपलं स्वतःचं लेकरू बापूजींसमोर उचलून घेणं म्हणजे निलाजरेपणा. पोरगी गेली तेव्हाही बायका आत कोकिळेभोवती बसल्या आणि पुरुष बाहेर ओसरीत. कोकिळा म्हणजे चंद्रभानची बायको. तिच्या पाठीवर दहा हात फिरत होते, त्यांत नवऱ्याचा एकही नव्हता.

पुनाजीनं मान हलवली. "मंग खोली लहानच ठेवतो," तो म्हणाला. "तिसरा मानूस आला तं पाय आखडून बसला पायजे."

हे ऐकून मी अगदी सुखावले. किती भोळी होते मी!

दिवाळी झाली आणि चंद्रभान कोकिळेला घेऊन आला. सोबत त्याची बहीण जयवंता! अठरा वर्षांची, मनानं लाख मोलाची आणि तोंडाला खीळ म्हणून नाही. माझ्या दारात बसून तिनंच सगळं हसत हसत सांगितलं. चंद्रभाननं घरी विषय काढला तशी त्याची माय मनकर्णाबाई म्हणाली होती, "दोघंच? अन् सूनबाई तिकडं जंगलात रडत बसली तं तिले कोन पायीन? तिले एकटं सोडू नोका. जयवंताले घेऊन जा."

बघा, हे असं आहे. त्या घरात कोणी दुष्ट असतं तर मी समजू शकले असते. पण सगळे मायाळू! कोकिळा पाण्याला निघाली की जयवंता तिच्या मागे. चंद्रभान आत आला की जयवंता दोघांच्या मध्ये बसून भाकरी वाढणार. कोकिळेचे डोळे भरून आले रे आले की हिनं तिचा हात धरलाच. "रडू नोको ना व, वहिनी, मी आहो ना!"

अगं बाई, तू आहेस हीच तर अडचण आहे! मला पाय असते ना, तर मी स्वतः उठून तिला गिरडच्या बसमध्ये बसवून आले असते. दोन दिवस राहून तिघंही परत गेली. चंद्रभान आणि कोकिळा एकमेकांशी जेवढं बोलली, ते सगळं सरपण आणि मिठाबद्दल होतं.

पुढे जयवंतेचं लग्न झालं. कोकिळेला मुलगा झाला. घरच्यांच्या लेखी प्रश्न मिटला. आता मुलगा झाला ना, मग मागचं कशाला काढायचं? मी मात्र वाट बघत होते. १९७८च्या हिवाळ्यात एक दिवस पायवाटेवर चंद्रभान दिसला, मागे कोकिळा दिसली, आणि मला वाटलं, आली एकदाची. मग तिच्या मागून बापूजी दिसले. मग मनकर्णाबाई, मग दीर, जाऊ, त्यांची पोरं. मी मोजली, नऊ माणसं! गिरडच्या दर्ग्यावर जाऊन आले होते आणि आता माझ्यापाशी रोडगे, वांग्याची भाजी करणार होते.

काय सांगू तुम्हाला! पोरं माझ्या खांबांना लोंबकळली. बापूजी बाहेरच्या ओट्यावर पसरले. मनकर्णाबाई दिवसभर आत चुलीशी. दुपारी आडवं व्हायला जागा उरली नाही, तेव्हा ज्यानं मला बांधलं तो चंद्रभान सीताफळाखाली टॉवेल अंथरून पडला. आणि जो तो माझं कौतुक करत होता. "काय गार हाय खोपी!" "बांधली बी तं कशी!" त्या कौतुकानं माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. गर्दीत कोकिळा भांडी घासत होती. तिच्या तोंडाकडे त्या दिवशी एकाही माणसानं बघितलं नाही, कारण आता ती रडत नव्हती.

त्यानंतर सात वर्षं कोणी फिरकलं नाही. माकडांनी माझी कवेलू फोडली, वाळवीनं एक खांब पोखरला. शेळ्या आत येऊन बसायच्या. पुनाजी तेवढा दर पावसाळ्यानंतर यायचा, पडलेल्या जागी माती थापायचा आणि निघून जायचा. मी मनात म्हणायचे, कशाला लिंपतोस बाबा, पडू दे मला.

मग १९८५चा मार्च महिना. उन्हं चढत होती. पायवाटेवर तीन माणसं दिसली. तिघं! माझं डोकंच फिरलं. पुन्हा सोबत! तिसरी होती मनकर्णाबाई, आता पार वाकलेली, हातात काठी. माझ्यापासून वीस पावलांवर ती थांबली.

"माय, वर चाल ना. सावली हाय," चंद्रभान म्हणाला.

"तुमी जा. मी खाली पुनाजीच्या घरी बसतो, त्याच्या बायकोपाशी. सांज झाली का या."

"काऊन? आता इथवर आलीस तं..."

मनकर्णाबाईनं काठी जमिनीवर टेकवली. "तुह्या आंधी माहे दोन लेकरं गेलते, चंद्रभान. तुह्या बापूजीले मी कधी इचारलं नाई, का तुमाले बी दुखते का म्हनून. घरात येळ भेटला नाई. आता त्यायले जाऊन दोन वर्षं झाले. आता मी कोनाले इचारू?"

एवढं बोलून ती उतरू लागली. चंद्रभान दोन पावलं तिच्या मागे गेला, तशी तिनं न वळताच हात हलवून त्याला परत पाठवलं.

आणि मग काय झालं असेल? काहीच नाही! दहा वर्षांनी दोघं माझ्यात एकटी आली, आणि कोकिळेनं झाडू हातात घेतला, चंद्रभान फुटकी कवेलू बदलायला वर चढला. दोघंही घामाघूम. माझा जीव नुसता तळमळत होता. अरे, झाडू ठेव! अरे, खाली उतर!

बऱ्याच वेळानं कोकिळा झाडता झाडताच बोलली. वर न बघता.

"तुमी तिले एक खेप बी घेतलं नाई."

वरचं कवेलूचं खडखडणं थांबलं. चंद्रभान खाली आला आणि उंबऱ्यात बसला.

"नाई घेतलं," तो म्हणाला. "बापूजी ओसरीत बसून राहत."

"मले वाटे, पोरगी झाली म्हनून तुमाले ती पायजेच नव्हती. अकरा वर्षं मी हेच धरून बसली."

चंद्रभाननं दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग हळूहळू म्हणाला, "तिच्या डाव्या कानामांगं तीळ होता. एवढुसा. माही माय तिले तेल लावे तवा मी पायत राहो. डूटीची येळ होऊन जाये, तरी मी चपलेचा पट्टा लावत बसो. लावला का सोडो, सोडला का लावो. दहा-दहा मिनटं."

कोकिळेच्या हातातला झाडू गळून पडला. तो तीळ आपल्याशिवाय कोणाला ठाऊकच नाही, असं ती समजत होती. ती मोठ्यानं रडली, गळा काढून. तोही रडला. रडू नको असं कोणी कोणाला म्हणालं नाही.

उन्हं कलली तरी दोघं बोलतच होती. ती काय बोलली ते मी तुम्हाला सांगणार नाही. ते त्यांचं आहे.

मित्रांनो, माझ्यासाठी मी काही मागत नाही. मला लिंपा, शाकारा, असं म्हणणार नाही. पण तुमच्या घरात कधी दुःख आलं, तर सोबत जरूर करा, पाणी द्या, पाठीवर हात फिरवा. मग एका दुपारी सगळे उठा आणि अंगणात जा. ज्यांचं ते दुःख आहे त्या दोघांना आत राहू द्या. काहीही काम निघालं तरी तासभर दार वाजवू नका.

हे वेळेत करा एवढंच. बापूजी आणि मनकर्णाबाई, दोघंही एकदा माझ्याकडे आली होती. ते ओट्यावर झोपले आणि ती चुलीशी बसली. मध्ये फक्त माझी भिंत होती, आणि नऊ माणसांचा स्वयंपाक चांगला झाला म्हणून सगळे खूश होते. त्या दोघांचं मलाही सुचलं नाही.