कर्नलच्या पहाऱ्यातलं घर

हे कोणाला पटायचं नाही, याची म्हाताऱ्या अनाक्लेतोला इतकी खात्री होती की त्यानं सुरुवातच तिथून केली. चाकोच्या कोरड्या रानात हिवाळ्यातला दक्षिणेचा बोचरा वारा सुटला होता. अल्गारोबोच्या झाडाखाली तो खाटेवर पोंचो गुंडाळून बसला होता, आणि समोर निकासिया टॉर्च आणि रिकामी काडेपेटी घेऊन उभी होती.

निकासिया गावात विन्चुका शोधून काडेपेटीत पकडायचं काम करी. विन्चुका, ढेकणाच्या जातीचा किडा, मातीच्या भिंतीतल्या भेगांत राहते. रात्री झोपलेल्याच्या तोंडावर येते, रक्त पिते आणि तिथंच घाण करते. माणूस झोपेत खाजवतो, त्या घाणीतला डोळ्याला न दिसणारा जीव अंगात शिरतो आणि वर्षानुवर्षं काळीज पोखरत बसतो. म्हाताऱ्याची बायको त्यानंच गेली, असं गाव म्हणे. म्हातारा म्हणे, ती रागानं गेली.

उद्या फवारणीवाले येणार होते. ज्या घरात किडा सापडेल तिथंच ते फवारत, आणि शोधायला आत जायचं तर घरच्या माणसाची परवानगी लागे. म्हातारा काही आत घेत नव्हता. त्यात आजच त्याची सून सिल्वेरिया तान्ह्या पोरीला घेऊन माहेराहून परतली होती. पोर आज याच घरात झोपणार, हे निकासियाच्या डोक्यातून जात नव्हतं.

म्हाताऱ्याचं म्हणणं, आपल्या घरात विन्चुका उरलेलीच नाही, कर्नलच्या कृपेनं. कर्नल हा त्याचा झुंजीचा कोंबडा. जत्रेतली झुंज तोंडावर आलेली, म्हणून चोरांच्या भीतीनं तो घरातच असे. हा कर्नल म्हणे रात्री भिंतीवर चढतो, छपराला उलटा लटकून चालतो. एकदा त्यानं इतके किडे खाल्ले की सकाळी त्याची पिसं लालभडक झाली होती. उरलेल्या विन्चुका अंडीपिल्लं घेऊन रांगेनं नदीकडे निघून गेल्या. त्यातली एक म्हातारी तेवढी वळून बघत होती, डोळे पुसत.

निकासियानं हसू गिळलं. दाराशेजारच्या भिंतीवरचे विन्चुकांच्या घाणीचे काळेपांढरे ओघळ तिला इथूनही दिसत होते. कोंबडा दिवसा चार किडे टिपतो, ते सगळ्यांना दिसतं. अंधार पडला की तेच किडे त्याचं रक्त पिऊन पोसतात, ते कोणी बघत नाही. घरात कोंबडा ठेवणं म्हणजे विन्चुकांना खानावळ उघडून देणं, असं तिनं आजवर किती दारांत सांगितलं होतं. पण फवारणीनंतर शेजाऱ्याचा कोंबडा पहिल्याच झुंजीत पळाला होता, आणि सगळ्या गावानं खापर औषधावर फोडलं होतं. म्हाताऱ्याला खरी धास्ती त्या औषधाचीच असणार.

तसं तिनं तोंडावर विचारलं.

"तुझ्या भावाचा कोंबडा माझ्या कर्नलपुढं शेपूट घालून पळाला," म्हातारा म्हणाला, "तेव्हापासून तुला माझ्या भिंती काळ्या दिसायला लागल्यात, पोरी."

सिल्वेरिया दारात उभी राहून सगळं ऐकत होती. पोरीचं अंथरूण आत घालू ना, एवढंच तिनं विचारलं.

"खुशाल घाल. मी रोज आतच झोपतो. अंगावर एक चट्टा दाखवावा कोणी."

सिल्वेरिया उंबऱ्यावरच थांबली. तिची नजर सासऱ्याच्या खाटेवर गेली. खाटेचे पाय मातीत रुतले होते, आणि भोवती गवत उगवून वाळूनही गेलं होतं. तिनं वाकून पाहिलं. उशीखाली म्हाताऱ्याची झोपायची लोकरी टोपी होती, दवानं ओली.

तिनं पोर निकासियाच्या हातात दिली आणि तिच्याकडचा टॉर्च घेतला.

"खोटं बोलताय, मामंजी," ती म्हणाली. "आत कर्नल झोपतो. तुम्ही उन्हाळ्यापासून इथं थंडीवाऱ्यात पडताय."