नारळावरचं फाटक

आमच्या स्टेशनाचा इतिहास विचारला की लोक नव्या फलाटाचं साल सांगतात. मी जयरामचं नाव सांगतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी वसई पट्ट्यात रूळ वाढले, फलाट वाढला, जागा हवी झाली. गावात सगळ्यांच्या आधी आपलं शेत दिलं ते जयरामने. वर इतरांनाही गळ घालून पटवलं.

अट एकच होती. गाव रुळांच्या अलीकडे, आमचं स्मशान पलीकडे खाडीवर. तिकडे गाडीरस्ता नाही, नुसते मिठागराचे बांध. तिरडी फाटकातूनच जायची. तेव्हा फाटक राहिलं पाहिजे, असं जयराम म्हणाला. मग लिहून घ्यायचं सोडून या शहाण्याने रेल्वेच्या साहेबाला गावदेवीसमोर उभं केलं, हाती नारळ दिला आणि शब्द घेतला. आमच्यात असा शब्द कोणी मोडत नाही. साहेबाने शब्द दिला, नारळ घरी नेला, चटणी केली असणार. पुढे त्याची बदली झाली. फाटकाच्या जागी भिंत आली, शेजारी पादचारी पूल आला.

तेव्हापासून जयरामच्या आईने, पुतळाबाईने, एकच धोशा लावला. "माला खाडीवरच न्या, तुज्या बापाशेजारी. दुसरीकडं नेलंस तर बग."

"नेईन गं आये," जयराम म्हणायचा. दुसरं काय म्हणणार?

दोन हजार चार साली ती गेली. सकाळी आम्ही तिरडी घेऊन पुलाचा जिना चढलो आणि मधल्या वळणावर अडकलो. कितीही तिरकी केली तरी कठडा सोडेना. मागे कामाला निघालेली माणसं खोळंबली.

"अहो, गाडी जाईल आमची!" एक जण ओरडला.

जयरामचा मुलगा कल्पेश हळूच म्हणाला, "पप्पा, आजीला उभी करावी लागेल. दुसरा इलाज नाय."

उभी! बांधलेलं प्रेत शिडीसारखं उभं करायचं, तेही चारचौघांत. जयरामने आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"नको. खाली घ्या तिला."

आम्ही उलट्या पावली उतरलो. शववाहिनी बोलावली आणि शहरातल्या स्मशानात, अनोळखी मढ्यांच्या रांगेत, पुतळाबाईला जाळलं. मला त्या साहेबाचा राग आला, पण त्याहून जास्त आमचाच आला.

तिसऱ्या दिवशी जयराम अस्थींचं मडकं काखेत घेऊन खाडीवर निघाला. मी सोबत होतो. पुलाचा जिना चढलो, वळण आलं आणि गेलं.

"बरं झालं. आये आता अडली नाय," तो म्हणाला.

आपण काय बोललो ते त्याला कळलं आणि तो इतका ओशाळला की मडकं छातीशी धरून तिथेच पायरीवर बसला. फलाटावर गाडी लागली होती. माणसं त्याला ओलांडून धावत होती.