प्रयागकाकीचा सिनेमा

"आता परत नारळाचंच इचारती का काय ही?" शेंगा फोडता फोडता प्रयागकाकीनं पुतणीला विचारलं.

आरतीनं हसू दाबलं. निरगुडसर गावात काकीच्या घराच्या ओट्यावर टेपरेकॉर्डर पुढ्यात घेऊन हेलनबाई बसल्या होत्या. परदेशातल्या एका विद्यापीठात त्या आशियातला सिनेमा शिकवत. खेड्यातली माणसं सिनेमा कशी बघतात यावर त्यांचं पुस्तक चाललं होतं, आणि जत्रेतल्या तंबूत सिनेमे पाहिलेली जुनी माणसं त्या गाठत होत्या. आरती ओतूरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायची आणि सुट्टीत त्यांची दुभाषी व्हायची. काम संपलं की हेलनबाई तिला पीएच.डी.साठी आपल्या विद्यापीठात नेणार होत्या.

"सिनेमाचं मशीन सारखं बंद पडायचं म्हून तंबूवाल्यानं नारळ फोडला, झालं," काकी म्हणाली. "तिला सांग, मी तिथं देवाला गेले नव्हते."

"मग कशाला गेली होतीस?"

काकीचे हात थांबले. "तुझा चुलता लई मारायचा तवा. त्या सिनेमातली बाई पिशवी भरती, दार वढून घेती आन् एसटीत बसती. मी म्हनलं, असं बी करता येतं व्हय? दुसऱ्या रोजी परत गेले, निस्तं तेवढं बघायला. जत्रा उठली आन् मी पोरीला काखंत मारून माहेर गाठलं. तुझा चुलता न्यायला आला, तवा भावकीम्होरं सांगितलं, हात उगारनार असशील तर येत न्हाई. परत न्हाई उगारला त्यानं."

ही गोष्ट घरात कुणी कधी काढली नव्हती. आरतीनं ती शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितली. हेलनबाईंनी मान हलवली आणि विचारलं, "नारळ पडद्यासमोर फोडला की यंत्रासमोर?"

दिवाळीनंतर पुस्तकातलं ते प्रकरण आरतीकडे तपासायला आलं. त्यात काकी होती, पडद्याला देव मानून हात जोडणारी एक भाविक वृद्धा. एसटी नव्हती, माहेर नव्हतं. आरतीनं हेलनबाईंना पुण्यात त्यांच्या मुक्कामी गाठलं.

"तिची गोष्ट सुंदरच आहे," हेलनबाई शांतपणे म्हणाल्या. "पण ती एकाच बाईची. माझा मुद्दा श्रद्धेचा आहे. तुमची बघण्याची रीत वेगळी कशी, हे वाचकाला दाखवायचंय."

"तिनं हात जोडले नव्हते. घराबाहेर पडायचं कसं, ते ती शिकत होती."

"ती तुझ्या घरची आहे म्हणून तुला असं वाटतं. माझ्याकडे आलीस की अंतर ठेवून बघायला शिकशील."

आरतीच्या परदेशी जाण्याची बातमी वडिलांनी सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत सांगून टाकली होती. तरी ती म्हणाली, "मग काकीला पुस्तकातून काढा. तिचं बोलणं अर्धं वापरू देणार नाही मी. आणि यापुढचं भाषांतरही माझ्याकडून होणार नाही."

"तुझ्या प्रवेशाचा मग मला पुन्हा विचार करावा लागेल."

"करा," आरती म्हणाली आणि उठली.

काकीला हे कळलं. ती म्हणाली, "माझ्यापायी परदेश घालवलास व्हय गं?"

"तुझ्यापायी नाही. मलाच ते जमेना."

"मंग बरं. न्हाईतर मला उगं वझं झालं असतं."

वडील मात्र महिनाभर तिच्याशी धड बोलले नाहीत.

काही वर्षांनी पुस्तक छापून आलं. हेलनबाईंनी आरतीचं ऐकलं होतं, काकी त्यात नव्हती. आरतीचं नावही कुठं नव्हतं. काकीच्या जागी आहुपे गावची कुणी म्हातारी पडद्यापुढं हात जोडून उभी होती. आरतीनं ते पान दोनदा वाचलं, पुस्तक ग्रंथालयात जमा केलं आणि ती तासाला गेली.

त्या दिवशी तिनं नेमलेला धडा उघडलाच नाही. निरगुडसरच्या प्रयागबाईंनी तंबूत सिनेमा पाहिला त्याची गोष्ट तिनं वर्गाला पहिल्यापासून सांगायला घेतली.

पुढच्या बाकावरची समृद्धी पेन हातात धरून गोंधळली. "मॅडम, हे परीक्षेला येतं का?"

"नाही," आरती म्हणाली. "लिहून घ्या."