कू देता आणि एक रिकामी ओळ

मी एक वही बोलतेय. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. आवाज चढला तर चढू द्या. आयुष्यभर इतरांचे उच्चार सांभाळले, स्वतःचं गाऱ्हाणं आज पहिल्यांदाच मांडतेय.

एका दैनिकाच्या प्रूफखोलीत माझं आयुष्य गेलं. तिथे एकानं मजकूर मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं प्रुफावर बोट ठेवून तपासायचा, अशी पद्धत. नव्यानं लागलेल्या एका मुलीनं बातमीत रोमन लिपीत आलेला फ्रेंच शब्द दिसला तसा वाचला, 'कूप डी एटॅट'. दारात उभे असलेले उपसंपादक पोट धरून हसले. त्याच संध्याकाळी तिनं मला विकत आणलं.

पहिली नोंद अशी : 'कू देता. अचानक सत्ता बळकावणं.' खाली बारीक अक्षरांत, 'आज प्रूफखोलीत सगळे हसले. घरी येऊन आईच्या कुशीत रडले.'

मग मी भरत गेले. 'फो पा', चारचौघांत झालेली लाजिरवाणी चूक. 'कार्त ब्लांश', हवं ते करायची मोकळीक. पुठ्ठ्याच्या आत 'नाव' अशी छापील ओळ होती, ती मात्र तिनं कोरीच ठेवली. म्हणायची, वही पुरी झाली की लिहीन.

ती मुलगी सगळ्या कचेरीची मावशी झाली. बडे बडे वार्ताहर मेजवानीला निघताना हळूच तिच्याकडे यायचे. निमंत्रणाखालच्या आर.एस.व्ही.पी.चा अर्थ एकानं विचारला, तेव्हा म्हणाली, "येणार की नाही ते कळवा. तुम्ही न कळवता जेवायला जाता ना, म्हणून लिहावं लागतं." थट्टा करायची, पण चुकीच्या उच्चाराला ती कधी हसली नाही.

एकदा संपादकांनी मला दोन दिवसांसाठी मागून नेलं. पुढच्याच रविवारचं सदर प्रुफाला आलं. वर संपादकांचं नाव, ठळक. खाली माझीच पानं. टंकलेखकानं न वाचता सगळं उतरवलेलं, त्यामुळे तीही ओळ आलेली : घरी येऊन आईच्या कुशीत रडले.

शेजारी बसून मजकूर वाचणारा सहकारी म्हणाला, "राहू द्या मावशी. छापून येऊ दे. वही कोणाची ते कळेल साऱ्या गावाला."

मावशीनं बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवलं. मग लाल पेन उचललं.

"त्यांच्या सदरात ही ओळ चूक आहे," ती म्हणाली. "चूक दिसली की काढायची. मला तेवढंच येतं."

ओळ गेली. प्रुफाच्या कोपऱ्यात तिनं रोजच्यासारखी आद्याक्षरं टाकली. ती छापत नसतात.

सदराचं पुस्तक झालं. निवृत्तीच्या दिवशी संपादकांनी तिला स्वतःच्या सहीनिशी एक प्रत भेट दिली, वर 'शब्दांची आवड असू द्या' असं लिहून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लाज कशी वाटली नाही एकालाही? ती घरी गेली ती रिकाम्या हातांनी. प्रत टेबलावर राहिली, मी खणात. दोन वर्षांनी तिच्या निधनाची बातमी याच खोलीत तपासली गेली. चार ओळींची होती. माझा उल्लेख नव्हता.

आता खोलीही बंद होतेय. रद्दीचे गठ्ठे बांधून झालेत. कोणी मला उघडलंच, तर पुस्तकाशी ताडून बघत बसू नका. पुठ्ठ्याच्या आतली ती ओळ अजून कोरी आहे. 'मावशी' एवढं लिहा, आणि मग खुशाल टाका गठ्ठ्यात.