केटी वाटेवर निघालेली घरगाडी

मित्रांनो, माझे वय झाले आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे अंगावरचा उडालेला रंग पाहून तुम्हाला आश्चर्य वाटायला नको. मी घरगाडी आहे. पुढे इंजिन, मागे घर. माझ्या पोटात शेगडी आहे, नळ आहे, पलंग आहे, आणि जेवायचे एक टेबल आहे. टेबल खाली पाडले की तिथे आणखी एक जण झोपू शकतो, पण कुशीवर वळायचे नाही एवढीच अट.

अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या एका कारखान्यात लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा चढवून मला घडवले. मिझुरीत राहणाऱ्या व्हर्जिल ब्रांडहॉर्स्टने मला विकत घेतले. तो शेतीची यंत्रे दुरुस्त करायचा आणि त्याची बायको लिओना शाळेची बस चालवायची. सुट्टी लागली की आम्ही तळ्यांकाठी जायचो. लोक माझ्या खिडक्यांवरचे पडदे पाहून कौतुक करत, आणि लिओना ते पडदे तिने स्वतः शिवल्याचे मुद्दाम सांगत असे.

आमच्या गावाजवळून, मिझुरी नदीच्या काठाने, पूर्वी केटी नावाची रेल्वे जात असे. ती बंद पडली, रूळ उचलले गेले, आणि त्या जागी बारीक खडी दाबून सायकलींसाठी लांबच लांब वाट तयार झाली. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत करायची असे नवराबायकोचे ठरले होते. दरवर्षी काहीतरी आडवे येई. मग व्हर्जिल वारला.

त्यानंतर मी कोठारामागे उभी राहिले. माझ्या टायरांना चिरा पडल्या. गाद्यांमध्ये उंदरांनी संसार थाटला. छपराखाली गांधीलमाशांनी पोळे केले. लिओना मागच्या दाराने यायची, माझ्याकडे न पाहता कोंबड्यांना दाणे टाकून जायची. तिचा माझ्यावर राग नव्हता, हे मला कळत होते.

एका वसंतात तिने भंगारवाल्याला बोलावायचे ठरवले. नेमकी त्याच दिवशी तिची नणंद आर्डिथ सॉसेजचा डबा घेऊन आली.

“माझ्या भावाची गाडी भंगारात घालतेस?” आर्डिथने अंगणातूनच सुरुवात केली.

“भावाची होती ना? मग इतकी वर्षं पुसायला का नाही आलीस?”

“बोलावलंस का कधी?”

“तुला बोलवायला लागतं? खायच्या वेळी बरी न बोलावता येतेस!”

असे भांडतच दोघींनी बादल्या उचलल्या. संध्याकाळपर्यंत गाद्या उन्हात पडल्या होत्या आणि माझ्या टेबलावर मिझुरीचा नकाशा पसरला होता; राहून गेलेली केटीची वाट आता दोघींनी करायची होती. मित्रांनो, इतक्या वर्षांनी माझ्या शेगडीवर कॉफी उकळली, तेव्हा मला काय वाटले ते मला नीट सांगता येणार नाही.

त्या वाटेवर मोटारींना बंदी आहे. म्हणून बेत असा ठरला की एकीने सायकलवर जायचे आणि दुसरीने मला रस्त्याने न्यायचे. जुन्या स्टेशनांच्या गावी संध्याकाळी भेटायचे. लिओनाचा गुडघा नवा बसवलेला होता, त्यामुळे डॉक्टरांनी तिला एक दिवस सायकल आणि एक दिवस आराम असे बजावले होते. मधल्या दिवसांत आर्डिथने सायकल चालवायची, हे उघड होते.

इथे बेत अडला. आर्डिथला ऊन सोसत नव्हते. मग तिला पाठीची आठवण झाली. मग सापांची. नकाशावर कॉफीच्या कपांची वर्तुळे वाढत गेली, पण पुढे काही ठरेना.

शेवटी लिओनाने नकाशाची घडी घातली. “यायचं नसेल तर सरळ सांग. भंगारवाला उद्याही येईल.”

आर्डिथने हातातला कप खाली ठेवला. “मला सायकल येत नाही,” ती म्हणाली.

“काय?”

“घरात एकच सायकल होती. ती व्हर्जिलची. मी हात लावला की आई म्हणायची, मुलीला काय करायचंय? मग लग्न झालं, मुलं झाली. आता सत्तरीत कुणाला सांगू?”

लिओना हसेल असे मला वाटले होते. ती उठली आणि म्हणाली, “बूट घाल.”

“आत्ता?”

“नाही, थडग्यात गेल्यावर!”

मग माझ्याभोवती शाळा सुरू झाली. लिओना सीट धरून लंगडत मागे चालायची आणि आर्डिथ किंचाळायची, “सोडू नकोस हं!” एकदा लिओनाने सोडलीच. आर्डिथ सरळ माझ्या कुशीवर येऊन आदळली. पत्र्याला मोठा पोचा पडला.

“गाडीला लागलं का गं?” लिओनाने विचारले.

“मला लागलं!”

“तू बरी होशील. पत्रा आपणहून बरा होत नाही.”

दोघी गवतात बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. व्हर्जिल गेल्यापासून लिओनाला हसताना मी ऐकले नव्हते. तो पोचा अजून आहे. ठोकून काढू नका, असे लिओनाने गॅरेजवाल्याला बजावले.

पाने पिवळी पडू लागली तेव्हा नवे टायर घालून मी पश्चिमेच्या टोकाला, क्लिंटनला गेले. पहिल्या दिवशी लिओना निघाली. आर्डिथने मला इतक्या हळू चालवले की मागच्या ट्रॅक्टरवाल्याने भोंगा वाजवला. पण ती पोहोचली. मग तिची पाळी आली, मग पुन्हा लिओनाची, आणि अशी वाट मागे पडत गेली.

रोशपोर्ट गावाआधी रेल्वेचा जुना दगडी बोगदा आहे. त्या दिवशी आर्डिथ सायकलवर होती. आम्ही गावात थांबलो. इतर सायकलवाले आले, पाणी पिऊन पुढे गेले. आर्डिथचा पत्ता नव्हता. लिओनाने सँडविच केले, झाकले, पुन्हा उघडून पाहिले. “मीच हट्ट केला,” ती स्वतःशी म्हणाली आणि काठी घेऊन बोगद्याकडे निघाली.

मला बोगदा दिसत नव्हता. थोड्या वेळाने घंटी ऐकू आली. ती थांबता थांबेना. मग झाडांमागून आर्डिथ आली. केस विस्कटलेले, तोंड लालबुंद. मागून लिओना ओरडत येत होती.

“होतीस कुठे इतका वेळ?”

“बोगद्यात! तीनदा आतबाहेर केलं. घंटी काय घुमते गं आत!”

“मी इथे जीव मुठीत धरून बसले, आणि तू घंटी वाजवतेस?”

“मग? सत्तर वर्षांची राहिलेली वाजवायला नको?”

लिओनाने तिच्या हातात सँडविच दिले.

आम्ही पूर्वेच्या टोकापर्यंत गेलो, मित्रांनो. आता दर शरदात निघतो, आणि बोगद्याचा दिवस कोणाचा यावर माझ्या टेबलाशी कडाक्याचे भांडण होते. तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी जुनी गाडी उभी असेल, तर तिच्या खिडक्या उघडा, टायर पाहा, इंजिन अधूनमधून सुरू करा. आम्ही झिजून मरत नाही, उभे राहून मरतो. आणि घरातल्या कोणाला एखादी गोष्ट येत नसेल, ती सांगायला ते लाजत असतील, तर कारण विचारत बसू नका. त्यांचे बूट आणून द्या.