वेगळ्या आडनावाची सही

सुकी मासळी तळायला टाकून नेरिसाने हात पुसले आणि धाकट्या बहिणीच्या हातातला नोकरीच्या शिफारशीचा फॉर्म ओढून घेतला.

"म्हणजे मी मालकीण आणि तू पगारी नर्स. आईची."

"एजन्सीच्या बाईंनी असंच सांगितलंय, मनांग," रोडोरा म्हणाली. थोरलीला तिने कधी नुसत्या नावाने हाक मारली नव्हती.

इलोइलो शहरातल्या एका इस्पितळात रोडोराने जेमतेम तेवीस दिवस नोकरी केली होती. आईला अर्धांगाचा झटका आला आणि ती नोकरी सोडून रोडोरा बेटावरच्या घरी परतली. एजन्सीच्या बाईंनी अर्जातली ती ओळ पाहताच खोडली. "तेवीस दिवस? आयर्लंडवाल्यांना वाटेल, हाकलून दिली." त्याऐवजी आईपाशी काढलेले अकरा महिने लिहायचे, घरगुती नर्स म्हणून. सही मात्र वेगळ्या आडनावाची हवी. लग्नाने आडनाव बदललेली अशी नेरिसाच काय ती होती. उद्या दुपारपर्यंत कागद पोचला नाही, तर आयर्लंडमधली नर्सची जागा दुसरीला जाणार होती.

नेरिसा एकेक रकाना मोठ्याने वाचत भरू लागली.

"कामावर वेळेवर हजर? जाणार होतीस कुठं! उत्तम. स्वभाव? हूं. उत्तमच लिहिते, देवाला कुठं फॉर्म वाचायचाय. नोकरी संपण्याचं कारण?"

रोडोराने कढईखालची आच कमी केली.

"रुग्ण दगावला," नेरिसाने लिहिलं. "शुश्रूषा कशी होती? अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलतात ना गं? तूच सांगायचीस, कॉलेजात असताना. आईला शेवटचे कपडे चढवताना मी पाठ पाहिली. मूठ जाईल एवढी जखम."

"अकरा महिन्यांत तू दोनदा आलीस, मनांग."

"म्हणून तर मला दिसलं. रोज बघणाऱ्याला दिसत नाही."

तिथेही तिने 'उत्तम' लिहिलं आणि खाली झोकात सही ठोकली. सहीच्या वर एक प्रश्न उरला होता: घरातल्या दुसऱ्या रुग्णासाठी या नर्सला पुन्हा ठेवाल का? पुढे दोन चौकोन, हो आणि नाही.

नेरिसाने पेन खाली ठेवलं.

"हे तुझं तू भर. माझ्या वाटणीचं खोटं लिहून झालं."

ती कढईकडे वळली. रोडोराने पेन उचललं. शेवटच्या आठवड्यात दुपारी ती आईच्या पायाशी पाठ टेकायची आणि डोळे मिटून घ्यायची. आई कण्हायची. ते तिला ऐकू यायचं, तरी ती कूस बदलायला उठायची नाही.

"जेवूनच जा आता," नेरिसा मागे न बघता म्हणाली. "भात किती वाढू?"

रोडोराने 'नाही'च्या चौकोनात खूण केली. शाई वाळू दिली, कागदाची नीट घडी घातली.

"थोडाच," ती म्हणाली.